नवा गेमिंग कन्सोल आलाय, म्हणून गेमिंग कॅफे टाकायचा का? शिरूर-दौंडच्या तरुणांनी आधी विचारायचे पाच प्रश्न



आजचा विषय थोडा वेगळा आहे. आपण नेहमी डेअरी, मसाले, मोबाईल दुकान, टेलरिंग असे धंदे बघतो. आज बघू गेमिंग. कारण शिरूर, रांजणगाव, कारेगाव, दौंड, कुरकुंभ या पट्ट्यातल्या बऱ्याच तरुणांच्या डोक्यात सध्या एकच गणित असतं. बाजारात नवा कन्सोल येतो. यूट्यूबवर त्याचे बॉक्स उघडण्याचे व्हिडिओ येतात. सगळे म्हणतात, आता जुन्या कंपन्यांचं काही खरं नाही. मग मनात येतं, "आपल्या गावात हे कुणाकडेच नाही. आपण चार मशिन घेऊन गाळा टाकला तर पोरं रांग लावतील!"

लावतीलही. पहिला महिनाभर नक्की लावतील. आपल्याकडे म्हणतातच, नव्याचे नऊ दिवस. प्रश्न दहाव्या दिवसाचा आहे. कारण गाळ्याचं भाडं आणि बँकेचा हप्ता दहाव्या दिवसानंतरही चालूच राहतो. आणि त्यात बहुतेक वेळा वडिलांच्या ठेवीतले किंवा आईच्या बचत गटातले पैसे असतात.

म्हणून आज एखादं नवं यंत्र बाजारात टिकेल का, याची शंका कशी घ्यायची ते शिकू. शंका घेणं म्हणजे नाव ठेवणं नव्हे. शंका म्हणजे पैसे टाकायच्या आधी केलेली तपासणी. बैल घेताना आपण दात बघतोच ना? तसंच.

कन्सोलचा धंदा नेमका चालतो कसा?

कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र. सोनीचं प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स, निन्टेंडोचं स्विच ही आजची मोठी नावं.

यातली गोम अशी की कंपनीची खरी कमाई बऱ्याचदा यंत्रावर नसते. यंत्र कमी नफ्यात, कधी कधी तोट्यातही विकलं जातं. कमाई होते ती गेमवर. दुसऱ्या कंपनीने बनवलेला गेम त्या यंत्राच्या दुकानातून विकला गेला की साधारण ३० टक्के हिस्सा यंत्रवाल्याला मिळतो. म्हणजे हा आठवडे बाजारासारखा प्रकार झाला. जागा एकाची, दुकानं शंभर जणांची. दुकानदार आले तर गिऱ्हाईक येतं, आणि गिऱ्हाईक आलं तर दुकानदार येतात. दोघांपैकी एक जण आला नाही की मैदान ओस पडतं.

नवा कन्सोल आला की त्याचा प्रोसेसर किती भारी, चित्र किती स्पष्ट, यावर चर्चा होते. ते मैदानाचं कुंपण झालं. तुम्ही बघायचं ते बाजार भरलाय का.

याचं एक आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने 'राजी' नावाचा गेम बनवला. आपल्या पुराणकथांवर आधारलेला. २०१७ मध्ये त्यांनी लोकांकडून आगाऊ पैसे जमवायचा प्रयत्न केला, तो यशस्वी झाला नाही. तरी ते थांबले नाहीत. ऑगस्ट २०२० मध्ये गेम आला आणि त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्स या जागतिक पुरस्कारांत पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. आता बघा, तो सगळ्यात आधी कुठल्या यंत्रावर आला? निन्टेंडो स्विचवर. त्या वेळी जगात ६ कोटींहून जास्त स्विच विकले गेले होते. लहान स्टुडिओला हातातल्या थोड्या पैशात गिऱ्हाईक गाठायचं असतं. गिऱ्हाईक जिथे आधीच जमलंय, तिथे जाणं त्याला परवडतं. नव्या, रिकाम्या मैदानात पहिलं दुकान लावायला लहान दुकानदार का जाईल? नव्या कन्सोलची पहिली अडचण हीच असते.

चांगलं यंत्र, तरी बंद

जपानच्या सेगा कंपनीची गोष्ट लक्षात ठेवा. प्रत्येक उद्योजकाने ठेवावी अशी आहे.

मे १९९५. अमेरिकेत मोठं प्रदर्शन भरलं होतं. सेगाचा सॅटर्न हा कन्सोल सप्टेंबरमध्ये येणार असं आधी ठरलेलं. पण कंपनीने अचानक जाहीर केलं की तो आजपासूनच विक्रीला आहे, किंमत ३९९ डॉलर. माल मात्र मोजक्याच दुकानांत पोहोचवला होता. बाकीचे दुकानदार चिडले. एका मोठ्या खेळण्यांच्या दुकानसाखळीने तर सेगाचा माल ठेवणंच बंद केलं. त्याच प्रदर्शनात सोनीचा माणूस मंचावर आला, "२९९" एवढंच म्हणाला आणि खाली उतरला. प्लेस्टेशनची किंमत १०० डॉलरने कमी होती. भाषणाची गरजच पडली नाही.

पुढे सेगाने ड्रीमकास्ट काढला. यंत्र खरंच चांगलं होतं. इंटरनेटसाठी मोडेम आतच दिलेला, किंमत १९९ डॉलर. ९ सप्टेंबर १९९९ ला अमेरिकेत विक्री सुरू झाली आणि पहिल्या २४ तासांत जवळपास १० कोटी डॉलरची विक्री झाली. आपल्यासारखा कुणीही म्हणाला असता, जिंकले!

पण इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या मोठ्या गेम कंपनीने ड्रीमकास्टसाठी गेम बनवायला नकार दिला. म्हणजे लोकांच्या आवडीचे तिचे फुटबॉलसारखे खेळ त्यावर नाहीत. दुसरीकडे सोनीचा प्लेस्टेशन २ येणार हे सगळ्यांना माहीत होतं. त्यात जुन्या प्लेस्टेशनचे गेम चालणार होते आणि घरात डीव्हीडीवर सिनेमाही बघता येणार होता. लोकांनी हातातले पैसे धरून ठेवले आणि वाट बघितली. जानेवारी २००१ अखेर सेगाने जाहीर केलं की ड्रीमकास्ट बंद. एकूण विक्री सुमारे ९१ लाख. प्लेस्टेशन २ पुढे १६ कोटींपर्यंत गेला. सेगाने यंत्रं बनवणं सोडलं आणि दुसऱ्यांच्या यंत्रांसाठी गेम बनवायला लागली.

लिहून घ्या: पहिल्या दिवसाची गर्दी म्हणजे मागणी नव्हे. मागणी म्हणजे लोकांचं परत येणं.

दुसरी गोष्ट औया नावाच्या कन्सोलची. २०१२ मध्ये किकस्टार्टर या संकेतस्थळावर ६३ हजारांहून जास्त लोकांनी मिळून त्याला जवळपास ८६ लाख डॉलर दिले. यंत्र बाजारात यायच्या आधीच! ९९ डॉलरचं छोटं, स्वस्त, अँड्रॉइडवर चालणारं यंत्र. सगळे म्हणाले, आता मोठ्यांची मक्तेदारी संपली. २०१३ मध्ये ते दुकानांत आलं. पण जे गेम लोक फोनवर खेळत होते, तसलेच त्यावर होते. मग टीव्हीजवळ आणखी एक डबा कशाला? २०१५ मध्ये धंदा दुसऱ्या कंपनीला विकावा लागला आणि २०१९ मध्ये सेवा बंद झाली. "कल्पना भारी आहे" म्हणणारे आणि दर महिन्याला खिशात हात घालणारे लोक वेगळे असतात, हे तुम्हाला तुमच्या नातेवाइकांवरूनही माहीत असेल!

आणि शंका घेणारेच चुकले तेव्हा

आता दुसरी बाजू. नाहीतर म्हणाल, सर फक्त घाबरवतात.

२००६ मध्ये निन्टेंडोने वी नावाचा कन्सोल आणला. नावावरूनच लोक हसले. प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० च्या मानाने ताकद कमी. जाणकारांनी शंका घेतली. झालं काय? वी १० कोटींच्या वर विकला गेला. प्लेस्टेशन ३ पावणेनऊ कोटींच्या आसपास राहिला.

कारण निन्टेंडो त्या मैदानात कुस्ती खेळलाच नाही. बाकीचे दोघे तरबेज खेळाडूंसाठी भांडत होते. निन्टेंडोने हातात एक कांडी दिली आणि म्हटलं, हात हलवा, टेनिस खेळा. आजी-आजोबा खेळायला लागले. किंमतही प्लेस्टेशन ३ च्या निम्म्याच्या आसपास. ज्यांच्याकडे कुणी गिऱ्हाईक म्हणून बघत नव्हतं, ते गिऱ्हाईक झाले.

पण पुढे ऐका. त्याच कंपनीने २०१२ मध्ये वी यू काढला. नाव सारखंच. लोकांना कळेना की हे नवं यंत्र आहे की जुन्याला लावायचं काहीतरी. विक्री झाली सुमारे १ कोटी ३५ लाख. मग ३ मार्च २०१७ ला स्विच आला. घरात टीव्हीवर खेळा, बाहेर हातात घेऊन खेळा. एका वाक्यात कळलं आणि पुन्हा बाजार जिंकला.

एकच कंपनी, तीन यंत्रं, दोन यशस्वी, एक फसलं. म्हणजे "कंपनी मोठी आहे, चालणारच" हेही खरं नाही आणि "जाणकार नको म्हणतात, म्हणजे पडणारच" हेही नाही.

भारतात खरा स्पर्धक कोण?

आता आपल्या मातीत या. भारतात कन्सोलची कहाणी मुळातच वेगळी आहे.

नव्वदच्या दशकात ज्यांचं बालपण गेलं, त्यांना 'टीव्ही गेम' आठवत असेल. कॅसेट फुंकर मारून घालायची, मग मारिओ, कॉन्ट्रा चालू. निन्टेंडोचं ते यंत्र भारतात 'सामुराई' नावाने अधिकृतपणेही विकलं गेलं. पण गावोगावी पोहोचल्या त्या त्याच्या स्वस्त नकला. आपल्यापैकी कितीतरी जणांना आपण नकलेवर खेळत होतो हे मोठेपणी कळलं. १९९५ मध्ये सेगाने शॉ वॉलेस या कंपनीशी करार करून भारतात पाऊल टाकलं. त्या वेळी आयात कर ८० टक्के होता. यंत्राची किंमत पडली १८,००० रुपये. १९९५ मधले अठरा हजार! शिरूरच्या बाजारपेठेत त्या काळी किती घरं हे विकत घेणार होती?

सप्टेंबर २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० भारतात आणला. जाहिरातीला अक्षय कुमार आणि युवराज सिंग. दोघंही त्या वेळी लोकांच्या गळ्यातले ताईत. तरी कन्सोल आपल्याकडे टीव्ही-फ्रीजसारखा घराघरांत गेला नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ भारतात आला तो ४९,९९० रुपयांना. रांजणगाव एमआयडीसीत कंत्राटी काम करणाऱ्या पोराचा हा काही महिन्यांचा पगार.

आणि तोपर्यंत खरा स्पर्धक खिशात येऊन बसला होता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि फोन हाच कन्सोल झाला. नवी मुंबईच्या गेमशन कंपनीचा लुडो किंग घरोघरी पोहोचला तो फोनवर. पबजीने तर पोरांची झोप उडवली. त्यामुळे नवा कन्सोल विरुद्ध जुना कन्सोल ही भांडणं यूट्यूबवर ठीक आहेत. आपल्या तालुक्यात नव्या कन्सोलची स्पर्धा फुकटच्या फोनशी आहे. तुमच्या गाळ्यात येणारं पोरगं खिशातला फुकटचा खेळ बाजूला ठेवून तासाला पैसे मोजणार आहे. का मोजेल? याचं उत्तर तुमच्याकडे हवं.

फोनच्या बाजारातही काही कायमचं नाही. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाईलवर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये तो नव्या नावाने परत आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा दुकानांतून काढला गेला आणि २०२३ मध्ये परत आला. ज्यांनी फक्त त्या एका खेळाच्या स्पर्धांवर धंदा उभा केला होता, त्यांनी काय करायचं? एकाच खुंटीवर सगळं टांगायचं नाही, हा धडा.

रांजणगावचे फ्रीज काय शिकवतात?

शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीत एलजी, व्हर्लपूल आणि हायर, तिघांचेही कारखाने आहेत. तिघेही फ्रीज बनवतात. एकाच वसाहतीत, एकमेकांचे स्पर्धक. हायर भारतात आली २००४ च्या सुमाराला, म्हणजे बाकीचे बाजारात मुरल्यावर.

तुमच्या घरी फ्रीज घेताना आईने काय विचारलं होतं आठवा. "बिघडला तर माणूस येतो का इथे?" फ्रीजमध्ये कुठला कॉम्प्रेसर आहे हे नंतर. नव्या कंपनीला आधी हा प्रश्न सोडवावा लागतो आणि मगच तिचा माल खेड्यात खपतो.

कन्सोललाही हेच लागू आहे. कंट्रोलरची कांडी घासली, काही दिवसांत पात्र आपोआप एका बाजूला पळायला लागलं, तर दुरुस्ती कुठे? शिरूरला नाही, दौंडला नाही. पुण्याला पाठवायचं, आठ-पंधरा दिवस थांबायचं. परदेशातून मागवलेल्या, भारतात अधिकृत विक्री नसलेल्या यंत्राला तर हमीसुद्धा मिळणं अवघड. आणि कॅफेत कंट्रोलर घरच्यापेक्षा कितीतरी जास्त घासतो. बंद पडलेली खुर्ची म्हणजे बुडालेलं भाडं.

पाच प्रश्न: वही काढा

१. माझं गिऱ्हाईक जो खेळ मागतं, तो यावर आहे का? यादी करा. कॅफेत पोरं साधारण फुटबॉल, टेकन, कुस्ती, क्रिकेट, जीटीए मागतात. दोघांनी शेजारी बसून खेळायचे खेळ जास्त चालतात, कारण ती मजा फोनवर मिळत नाही. नव्या कन्सोलवर यातले किती आज मिळतात? 'लवकरच येणार' लिहिलेलं मोजायचं नाही.

२. जुन्या यंत्राने काम भागतं का? ईए स्पोर्ट्सचा फुटबॉल गेम प्लेस्टेशन ५ आल्यावर कित्येक वर्षांनीही प्लेस्टेशन ४ साठी येत राहिला. पण २०२४ मध्ये आलेला टेकन ८ प्लेस्टेशन ४ वर आलाच नाही. म्हणजे सरसकट 'जुनंच घ्या' हेही चूक. खेळाप्रमाणे ठरवा.

३. बिघडलं तर किती दिवस बंद? सेवा केंद्राला स्वतः फोन करा. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका.

४. दोन वर्षांनी हे विकलं तर किती येतील? चालणाऱ्या कंपनीचं जुनं यंत्र पुण्यात विकलं जातं. बंद पडलेल्या कन्सोलला भंगाराचा भाव.

५. कंपनी मागे हटली तर माझं काय? गुगलसारखी कंपनी स्टेडिया ही गेमिंग सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू करून जानेवारी २०२३ मध्ये बंद करू शकते. गुगलने घरगुती ग्राहकांना यंत्राचे आणि गेमचे पैसे परत दिले. तुमच्या गाळ्याचं भाडं कुणी परत देणार नाही.

पाचपैकी तीन प्रश्नांची उत्तरं समाधानकारक नसतील, तर ते यंत्र सहा महिने दुसऱ्या कुणालातरी घेऊ द्या. कॅफे धंद्यात पहिलं येण्याचं बक्षीस फार नसतं.

आता हिशोब करू

खालचे आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. तुमच्या गल्लीतलं भाडं आणि आजचे भाव घालून पुन्हा करा.

समजा चार जागांचा कॅफे, नवे कन्सोल. एका जागेला कन्सोल ५०,०००, टीव्ही २५,०००, जादा कंट्रोलर ६,०००, गेम ९,०००. झाले ९०,०००. चार जागांचे ३,६०,०००. फर्निचर, वायरिंग, एसी, इन्व्हर्टर १,२०,०००. गाळ्याचं डिपॉझिट ६०,०००. एकूण ५,४०,०००. यात स्वतःचे १,४०,००० आणि ४,००,००० कर्ज. १२ टक्के व्याजाने ३ वर्षांचा हप्ता सुमारे १३,३००.

महिन्याचा खर्च: भाडं १२,०००, वीज ७,०००, इंटरनेट १,५००, एक मुलगा कामाला १२,०००, दुरुस्ती आणि नवे गेम ५,०००. एकूण ३७,५००. हप्ता धरून ५०,८००.

दर तासाला एका जागेचे ८० रुपये. चार जागा, रोज १० तास, ३० दिवस म्हणजे १,२०० तास. सगळे कधीच भरत नाहीत. ५०,८०० भागिले ८०, म्हणजे ६३५ तास विकले तर फक्त बरोबरी. म्हणजे रोज २१ तास, प्रत्येक खुर्ची रोज सव्वापाच तास भरलेली हवी. सोमवारी, पावसात आणि बारावीच्या परीक्षेतसुद्धा. आणि यात तुमचा स्वतःचा पगार शून्य धरलाय!

आता तोच कॅफे तपासून घेतलेल्या जुन्या यंत्रांवर. एका जागेला ४५,०००, चार जागांचे १,८०,०००. बाकी खर्च तोच. एकूण ३,६०,०००. स्वतःचे तेवढेच १,४०,०००, कर्ज २,२०,०००, हप्ता सुमारे ७,३००. बरोबरीसाठी ५६० तास. महिन्याला ७५ तासांचं ओझं कमी आणि डोक्यावरचं कर्ज १,८०,००० ने कमी. फुटबॉल खेळणाऱ्या पोराला मशिनचा फरक फारसा कळणार नाही. तुमच्या झोपेला नक्की कळेल.

शिरूर वेगळं, दौंड वेगळं

तालुके शेजारी आहेत म्हणून गिऱ्हाईक सारखं नसतं.

शिरूर पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरचं गाव. एक गिऱ्हाईक गावातलं, कॉलेजचं. दुसरं रांजणगाव-कारेगावला खोली घेऊन राहणारा कामगार तरुण. तो बाहेरगावचा, घरी टीव्ही नाही, शिफ्टमध्ये काम. त्याचा मोकळा वेळ दुपारीही असतो आणि रात्रीही. शिरूर शहरात गाळा घेतलात तर रोज तो एवढ्या लांब येणार नाही. आधी ठरवा, कुणासाठी उघडताय.

दौंड रेल्वे जंक्शन. रेल्वेची कुटुंबं, राज्य राखीव पोलीस दलाची वसाहत, जवळच कुरकुंभची एमआयडीसी, आणि रोज गाडीने पुण्याला जाऊन-येऊन शिकणारी, नोकरी करणारी मुलं. या शेवटच्या गटाने पुण्यातले मोठे कॅफे बघितलेत. तो तुलना करेल, आणि आठवडाभर थकलेला असल्याने रविवारीच येईल. कुटुंबं मात्र सुट्टीत आणि वाढदिवसाला येऊ शकतात. तिथे पालकांना आत डोकावता येईल अशी स्वच्छ, उजेडाची जागा कामाला येते. गेम पार्लर म्हटलं की अंधारी खोली आणि शाळा बुडवणारी पोरं, हे चित्र पालकांच्या डोक्यात घट्ट बसलेलं आहे. ते पुसलं, तर निम्मं मार्केटिंग झालं. शाळेच्या वेळेत गणवेशातल्या मुलांना प्रवेश नाही, अशी पाटी लावा आणि पाळा.

कागदपत्रं विसरू नका

उद्यम नोंदणी मोफत आहे. मोजकेच कामगार असतील तर दुकाने कायद्याखाली ऑनलाइन सूचना दिली की काम होतं. गेम पार्लरला आणखी कुठली परवानगी लागते, ते नगरपरिषदेत आणि पोलीस ठाण्यात जाऊन विचारा, भाडेकरार करण्याच्या आधी.

दोन गोष्टी बहुतेक जण वाचतच नाहीत. पहिली, घरगुती कन्सोलच्या आणि गेमच्या अटींमध्ये वापर खासगी, बिगर-व्यावसायिक असावा असं लिहिलेलं असतं. सगळीकडे कॅफे चालतात म्हणून ती अट नाहीशी होत नाही. वितरकाला लेखी विचारा. संगणकावर कॅफे टाकणार असाल तर स्टीम या गेम विक्री सेवेची कॅफेंसाठी वेगळी परवाना योजना आहे, तीही बघा. दुसरी, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आहे. ई-स्पोर्ट्सला मान्यता आहे. तेव्हा "शंभर लाव, दोनशे घे" असलं काही गाळ्यात होऊ देऊ नका. गिऱ्हाईक वाढायच्या ऐवजी पोलीस वाढतील.

मग करायचं का नाही?

करा, पण उलट्या क्रमाने करा. यंत्र शेवटी घ्या.

आधी मित्राचा किंवा भाड्याचा एक कन्सोल घ्या. गणपतीत मंडळाला विचारा, कॉलेजच्या गॅदरिंगला विचारा, एखाद्या सोसायटीच्या हॉलमध्ये एका रविवारी फुटबॉलची छोटी स्पर्धा ठेवा. किती जण आले, किती पैसे दिले, कुठला खेळ मागितला, आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुढच्या रविवारी त्यातले किती परत आले, हे वहीत लिहा. असे चार रविवार करा. ही वही तुमचा खरा प्रोजेक्ट रिपोर्ट.

चौथ्या रविवारीही खुर्च्या भरल्या, तर दोन जागांनी सुरुवात करा. नवा कन्सोल घ्यायचाच असेल तर त्यातली एक जागा नवी ठेवा, एक जुनी. कुठली जास्त तास भरते ते गिऱ्हाईकच सांगेल. सोबत चहा, सरबत, मोबाईल रिचार्ज, प्रिंट असं काहीतरी ठेवा. अशा गाळ्यात बाजूची विक्री कधी कधी भाडं काढून देते.

आणि चार रविवारी खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर निराश होऊ नका. तुमचे हजार-दोन हजार गेले आणि साडेपाच लाख वाचले. या धंद्यातली ती पहिली कमाई समजा.

आजचा गृहपाठ: तुमच्या गावातल्या पंधरा ते पंचवीस वयाच्या दहा मुलांना विचारा. एक, शेवटचा गेम कुठे खेळलास? दोन, खेळण्यासाठी शेवटचे पैसे कधी दिलेस आणि किती? "कॅफे टाकला तर येशील का?" हा प्रश्न विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. दहा उत्तरं वहीत लिहा, आणि मगच कन्सोलची किंमत शोधायला बसा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत शिकत राहा, हिशोब करत राहा. जय महाराष्ट्र!